शिकाऊ माणसाचा व्हिसा

अमेरिकेत मास्टर्स करून नोकरीला लागलो, त्याला वर्ष होत आलं तेव्हा मी माझ्या मॅनेजरला एक फॉर्म पाठवला. त्याचं नाव आय-९८३. तासाभरात उत्तर आलं : तूच भर, मी सही करतो.

फॉर्मला बऱ्याच गोष्टी जाणून घ्यायच्या होत्या. या नोकरीत विद्यार्थी काय शिकणार? ते त्याच्या पदवीशी कसं जोडलेलं आहे? देखरेख कोण करणार, प्रगती कशी मोजणार? मी तेव्हा पेमेंटच्या सिस्टीमवर काम करत होतो. दर तिसऱ्या आठवड्यात फोन उशाशी घेऊन झोपायचो, कारण रात्री काही बंद पडलं तर उठून ते चालू करणं माझ्याकडे होतं. नव्यानं आलेल्या दोन अमेरिकन मुलांना कोड समजावून द्यायचं कामही माझंच. कागदोपत्री मात्र मी शिकाऊ. दोन संध्याकाळी खर्चून मी माझ्याच शिक्षणाची उद्दिष्टं रचली. मग प्रश्न पडला, की नोकरी करणाऱ्या माणसाकडून असं लिहून घ्यायची गरज कायद्याला का पडावी? तेव्हापासून सुट्टीच्या दिवशी जुने नियम वाचत बसायचा नाद लागला.

सुरुवात एका ‘केवळ’पासून होते. १९१७ च्या अमेरिकी कायद्यानं आशियाच्या नकाशावर एक पट्टा आखून तिथल्या लोकांना स्थलांतर बंद केलं. भारत त्या पट्ट्यात होता, पण विद्यार्थ्यांना सूट होती. १९२४ च्या कायद्यानं विद्यार्थ्याची व्याख्या बांधली : वय किमान १५, खराखुरा विद्यार्थी, आणि केवळ शिक्षणासाठी येणारा. पुढे १९४६ मध्ये भारतीयांना तिथे स्थायिक होण्याची मुभा मिळाली, तीही वर्षाला १०० जणांना. थोडक्यात, विद्यार्थ्याचं दार तेवढं रुंद, आणि त्यावर पाटी : मुक्कामाची सोय नाही.

आता इंजिनिअरिंग वर्गात शिकून पुरं होत नाही, हे कुणालाही ठाऊक आहे. यंत्रावर हात बसावा लागतो. म्हणून ऑगस्ट १९४७ मध्ये (आपल्याकडे त्या आठवड्यात वेगळीच धामधूम होती) अमेरिकी स्थलांतर खात्यानं नियमात एक फट ठेवली. शिक्षणसंस्थेनं आवश्यक ठरवलं किंवा शिफारस केली, तर परदेशी विद्यार्थ्याला ‘प्रात्यक्षिक प्रशिक्षण’ म्हणून ६ महिने नोकरी करता येईल. ही मुदत दोनदा वाढवता येईल, म्हणजे एकूण दीड वर्ष. माझी सगळी नोकरी या फटीतून आली होती.

१९५२ च्या कायद्यानं विद्यार्थ्यासाठी एफ व्हिसा दिला आणि त्याच कलमात थोडं पुढे औद्योगिक प्रशिक्षणार्थीसाठी एच-३. या दोन भावंडांचे आजचे नियम शेजारी ठेवून वाचले तेव्हा मी चक्रावलो. एच-३ वाल्याला दाखवावं लागतं, की हे प्रशिक्षण त्याच्या मायदेशात मिळत नाही. प्रशिक्षणाचा भाग म्हणून ओघानं येईल तेवढं सोडून त्यानं उत्पादक काम करायचं नाही, आणि जिथे एरवी अमेरिकी माणूस नेमला जातो अशा जागी बसायचं नाही. माझ्यासारख्या एफ-१ वाल्याच्या बाबतीत मात्र मालकाला लिहून द्यावं लागतं, की त्याचं काम, तास आणि पगार तशाच अमेरिकी कर्मचाऱ्याच्या तोडीचे आहेत. एका व्हिसात खरं काम केलं तर तो शिकाऊ राहत नाही, दुसऱ्यात खरं काम दिलं नाही तर तो शिकाऊ ठरत नाही. शब्द दोन्हीकडे एकच, ट्रेनिंग.

तिसरा मार्ग जे-१ चा. शिका आणि परत जा, यातला दुसरा भाग त्यात सर्वांत कडक. १९५६ पासून नियम असा, की अशा पाहुण्यानं २ वर्षं मायदेशी राहिल्याशिवाय स्थायिक होण्यासाठी अर्ज करायचा नाही. १९७० मध्ये तो सैल झाला आणि मुख्यतः दोन गटांना उरला : सरकारी पैशांवर आलेले, आणि ज्यांचं कौशल्य त्यांच्या देशाला हवं आहे असे. कुठल्या देशाला काय हवं याची यादी अमेरिकेचं परराष्ट्र खातं करतं. पहिली १९७२ ची. माझी मामेबहीण संशोधनासाठी जे-१ वर गेली, तिचा विषय भारताच्या रकान्यात होता. सूट मिळवायची तर भारत सरकारनं ‘हिला परत यायचं बंधन नाही’ असं लेखी द्यावं लागतं, आणि त्यासाठी राज्याच्या गृहविभागाचा, केंद्राच्या उच्च शिक्षण विभागाचा आणि पासपोर्ट कार्यालयाचा कागद. मामा त्या उन्हाळ्यात मंत्रालयाच्या पायऱ्या बऱ्याचदा चढले. डिसेंबर २०२४ मध्ये यादी नव्यानं निघाली, त्यात भारताचं नाव नाही. बहीण म्हणाली, ‘आता माझी गरज संपली वाटतं.’

पुन्हा माझ्या फटीकडे. १९९२ मध्ये तिला आजचं नाव मिळालं, ओपीटी, मुदत १२ महिने. २००८ मध्ये विज्ञान आणि इंजिनिअरिंगवाल्यांना आणखी १७ महिने मिळाले, आणि त्यामागचं कारण सरकारनं उघड लिहिलं : एच-१बी नोकरी-व्हिसाच्या जागा कमी, मागणारे फार, मुलं हातची जातात. म्हणजे प्रशिक्षण ही आता लॉटरी लागेपर्यंतची प्रतीक्षागृहातली खुर्ची झाली. त्याच नियमात बेकार राहण्याचे दिवसही मोजायला घेतले. पहिल्या वर्षात ९० दिवस, वाढीव मुदत धरून पुढे जास्त. माझे एक मित्र-जोडपं फ्रिजवर चुंबकाखाली हा आकडा लिहून ठेवायचं.

२०१४ मध्ये तिथल्या तंत्रज्ञांच्या एका संघटनेनं खटला भरला. म्हणणं असं, की हे शिकणं नाही, ही मजुरी आहे, आणि ती आमच्याशी स्पर्धा करते. पहिल्या पाच वर्षांत विद्यार्थ्याच्या पगारावर सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअर लागत नाही, त्यामुळे मालकाचे ७.६५ टक्के वाचतात. मला त्यांचा राग यायला हवा होता. पण माझ्यापुरतं तरी ते बरोबर बोलत होते. २०१५ मध्ये न्यायाधीशांनी २००८ चा नियम रद्द केला, तो हरकती-सूचना न मागवल्याच्या मुद्द्यावर. मग सरकारनं त्या मागवल्या, ५० हजारांवर आल्या. २०१६ चा नवा नियम निघाला तेव्हा १७ चे २४ महिने झाले, आणि आक्षेपाला उत्तर म्हणून आय-९८३ जन्माला आला. ते शिकणं आहे हे आता दरेक जण लिहून देईल. २०२२ मध्ये अपील न्यायालयानं ही व्यवस्था उचलून धरली, १९४७ पासूनचा इतिहास मोजून. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं दखल घ्यायला नकार दिला. मी तेव्हा तिसऱ्या लॉटरीची वाट पाहत होतो.

ती लागली नाही. कंपनीनं दुसऱ्या देशात पाठवण्याचं आधी तोंडी कबूल केलं होतं, शेवटच्या महिन्यात तो विषय निघेनासा झाला. बाबांच्या घरावर काढलेल्या शैक्षणिक कर्जाचे तेव्हा ३१ हप्ते बाकी होते.

प्रशिक्षण संपल्यावर १० दिवसांत अंतिम मूल्यमापन द्यायचं असतं. शेवटच्या आठवड्यात मी माझं सगळं काम त्या दोन मुलांना शिकवत होतो. रात्री घरी येऊन फॉर्म उघडला. विद्यार्थ्यानं काय आत्मसात केलं, असा रकाना होता. माझ्याच जुन्या उद्दिष्टांतली चार वाक्यं उचलली, भविष्यकाळाचा भूतकाळ केला आणि मॅनेजरकडे सहीला पाठवली. सही तासाभरात आली.