डोळ्यांआडचे काम

२०२० च्या मार्चमध्ये कोरोनाच्या साथीमुळे कचेऱ्या बंद झाल्या आणि ‘घरून काम’ हे शब्द सर्वांच्या तोंडी बसले. हे इंटरनेटमुळे शक्य झाले, असे आपण म्हणतो. ते खरेच आहे. पण थोडे मागे जाऊन पाहिले, तर यंत्राइतकाच आणखी एक प्रश्न महत्त्वाचा दिसतो: डोळ्यांआड होणाऱ्या कामावर भरवसा ठेवायचा का?

इंग्लंडमध्ये १९६२ साली स्टेफनी शर्ली यांनी अवघ्या सहा पौंडांच्या भांडवलावर संगणकाचे प्रोग्रॅम लिहून देणारी कंपनी काढली. मुलांमुळे नोकरी सोडावी लागलेल्या शिकलेल्या स्त्रियांना त्यांनी घरबसल्या काम दिले. तेव्हा घरी संगणक कुठला? या स्त्रिया कागदावर पेन्सिलीने प्रोग्रॅम लिहीत आणि टपालाने पाठवीत. मग ते कार्डांवर किंवा कागदी फितीवर छिद्रांच्या रूपात उतरवून संगणकाला पुरवले जात. घरात टेलिफोन मात्र हवा. कॉन्कॉर्ड विमानाच्या ‘ब्लॅक बॉक्स’साठीचे प्रोग्रॅमही या कंपनीने लिहिले.

तरीही ग्राहकांना पटवणे सोपे नव्हते. शर्ली यांच्या पत्रांना उत्तरे येईनात, तेव्हा त्या ‘स्टीव्ह’ अशी पुरुषी सही करू लागल्या! फोनवर मुलाचा आवाज जाऊ नये म्हणून त्या टंकलेखनाच्या खडखडाटाची ध्वनिफीत लावून ठेवीत. काम चोख होते. झाकावे लागत होते ते घर.

पुढे १९७३ मध्ये जॅक निल्स यांनी अमेरिकेत हाच विषय वाहतुकीच्या बाजूने हाताळला. माणसाने कामाकडे जाण्याऐवजी काम माणसाकडे का जाऊ नये? लॉस एंजेलिसमधल्या एका विमा कंपनीचे कर्मचारी घराजवळच्या छोट्या कचेऱ्यांतून काम करू लागले. प्रयोग यशस्वी झाला, तरी कंपनीने तो पुढे चालवला नाही.

म्हणजे साधने होती, पण सवय आणि विश्वास नव्हता. साथीने सवय लावली. साथ ओसरल्यावर अनेक ठिकाणी काही दिवस घरी, काही दिवस कचेरीत अशी तडजोड झाली. विश्वासाचा प्रश्न मात्र उरलाच. काही मालक कर्मचाऱ्याने कळफलकावर किती कळा दाबल्या, हेही मोजतात. शर्ली पूर्ण झालेले काम मोजत.

वर्गात एक यादी करून पाहा. आपल्या गावातली कोणती कामे घरून होतील? परिचारिका, बसचालक, सफाई कामगार यांचे काय? घरून कामाचे भविष्य ठरवताना या यादीतली दोन्ही माणसे डोळ्यांसमोर हवीत.