न्हाव्याचा वस्तरा आणि त्याची निगा

महाराष्ट्रातील गावगाड्यात न्हावी हा बारा बलुतेदारांपैकी एक होता. हजामतीचा मोबदला त्याला सुगीच्या वेळी धान्याच्या रूपात मिळे. वस्तरा, कात्री, नराणी, वाटी आणि आरसा हे त्याचे साहित्य धोकटीत असे.

या व्यवसायाचे खरे कसब धार राखण्यात होते. निसण्यावर पाणी टाकून वस्तऱ्याची पाठ आणि धार दोन्ही दगडाला टेकवून घासत, म्हणजे धारेचा कोन बदलत नसे. नंतर वस्तरा चामड्याच्या पट्ट्यावर फिरवत. त्या वेळी पाठ पुढे आणि धार मागे ठेवावी लागे. उलट फिरवल्यास चामडे कापले जाई आणि धार बोथट होई. काम संपल्यावर पाते कोरडे पुसून त्याला तेलाचा हात लावत, कारण ओल राहिली की पोलाद गंजते.

वस्तऱ्याला सामाजिक इतिहासही आहे. विधवांच्या केशवपनाच्या क्रूर रूढीविरुद्ध 1890 मध्ये मुंबईतील न्हाव्यांनी हे काम न करण्याचा निर्धार केला. सत्यशोधक कार्यकर्ते नारायण मेघाजी लोखंडे यांचा त्यामागे पुढाकार होता. पोटाच्या धंद्यातील माणसांनी घेतलेली ही भूमिका मोठ्या धैर्याची होती.

अमेरिकेत किंग जिलेट यांना 1904 मध्ये बदलत्या पात्याच्या रेझरचे पेटंट मिळाले आणि घरी दाढी करणे सोपे झाले. पुढे रक्तातून पसरणाऱ्या रोगांच्या भीतीमुळे सलूनमध्येही दर गिऱ्हाइकाला नवे अर्धे ब्लेड बसवण्याचा वस्तरा रूढ झाला.