सर्वांत मोठा पहिलवान कोण?



नीउ-व्हेनेपमध्ये आपली चार कुटुंबे एकत्र आली, जेवणे उरकली आणि मुले आतल्या खोलीत गेली, की थोड्या वेळाने आतून एक वाद हमखास ऐकू येतो: सर्वांत मोठा पहिलवान कोण? कोणी हल्क होगनचे नाव घेतो, कोणी अंडरटेकरचे. बाहेरच्या खोलीत वडीलमंडळींचाही याच विषयावर वाद रंगलेला असतो. गामा की दारासिंग? मारुती माने की गणपतराव आंदळकर? खाशाबा की बिराजदार? गंमत अशी, की दोन खोल्यांतल्या दोन याद्यांमध्ये एकही नाव सारखे नसते. आपल्या घरातल्या दोन पिढ्यांना एकमेकांचे पहिलवान माहीत नाहीत, ही गोष्ट मला वादापेक्षाही महत्त्वाची वाटते. म्हणून हा लेखप्रपंच.

ज्यांचे बालपण १९९०च्या दशकात भारतात गेले त्यांना ते पत्ते आठवत असतील. प्रत्येक पत्त्यावर एका अमेरिकी मल्लाचा फोटो आणि त्याखाली उंची, वजन, छाती, दंड आणि क्रमांक. ज्याचा आकडा मोठा त्याने समोरच्याचा पत्ता खायचा. खेळ सोपा होता, कारण मोठेपणा मोजण्याचे माप पत्त्यावरच छापलेले होते. खऱ्या मल्लांच्या बाबतीत तशी सोय नाही. कोण मोठा हे ठरवण्याआधी मोठेपणा कशाने मोजायचा ते ठरवावे लागते. माप बदलले की यादी बदलते. ती कशी, ते क्रमाने पाहू.

पहिले माप दंतकथेचे. या मापाने गामाला तोड नाही. १९१० साली गामा लंडनला गेला आणि १० सप्टेंबर रोजी पोलंडचा जगप्रसिद्ध मल्ल स्टॅनिस्लॉस झिबिस्को याच्याशी त्याची कुस्ती झाली. अडीच तासांहून अधिक वेळ झिबिस्को बहुतेक काळ पोटावर पडून राहिला आणि कुस्ती बरोबरीत सुटली. आठ दिवसांनी निकाली कुस्ती ठरली होती. तिला झिबिस्को आलाच नाही, आणि जॉन बुल पट्टा गामाला मिळाला. पुढे १९२८ साली पतियाळ्यात दोघे पुन्हा भिडले, तेव्हा गामाने त्याला मिनिटभराच्या आत चीत केले. एवढा इतिहास पुरेसा थोर आहे. पण लोकांचे तेवढ्याने भागत नाही. बडोद्याच्या सयाजीबागेतील संग्रहालयात एक दगड ठेवला आहे. १९०२ साली गामाने तो उचलला असे सांगतात, आणि त्याचे वजन सांगतात १२०० किलो! आज जगातला सर्वांत बलवान भारोत्तोलक दोन झटक्यांत डोक्यावर नेतो ते वजन पावणेतीनशे किलोच्याही आत आहे. तेव्हा दगडाची गोष्ट ज्याने त्याने आपल्या बेताने घ्यावी. मात्र ज्याच्याविषयी अशा गोष्टी रचाव्याशा वाटतात, तो माणूस लोकांच्या मनात किती मोठा असेल हे त्यावरून कळते.

दुसरे माप प्रेक्षकांच्या टाळ्यांचे. इथे दारासिंग यांचे नाव पुढे येते. मुंबईत वरळीच्या वल्लभभाई पटेल स्टेडियमवर फ्री-स्टाईल कुस्त्या होत, त्यांत अवाढव्य किंगकाँगशी त्यांची झुंज पाहायला गर्दी लोटे. २९ मे १९६८ रोजी मुंबईतच त्यांनी अमेरिकेच्या लू थेझला हरवले. या व्यावसायिक कुस्त्यांत निकाल बहुधा आधी ठरलेला असतो हे आता उघड गुपित आहे. आतल्या खोलीतली मुले ज्यांच्यासाठी भांडतात त्यांच्याही बाबतीत तेच खरे. म्हणून त्यांना पहिलवान म्हणू नये काय? माझे मत असे, की म्हणावे. पाठीवर आपटून घ्यायला शरीर कमवावेच लागते. फक्त त्यांना दुसऱ्या फळ्यावर लिहावे, म्हणजे नाटकातला शिवाजी आणि रायगडावरचा शिवाजी यांची तुलना होणार नाही.

तिसरे माप मैदानाचे. हे खास आपले. राजर्षी शाहू महाराजांनी १९०२च्या युरोपच्या प्रवासात रोममधली प्राचीन प्रेक्षागारे पाहिली आणि कोल्हापुरात तसे काही उभे करायचे मनात घेतले. १९१२ साली खासबाग मैदान बांधून पुरे झाले. मधोमध मातीचा हौदा आणि भोवती चढत जाणारी बैठक, त्यामुळे सर्वांत मागे बसलेल्या शेतकऱ्यालाही डाव दिसावा. महाराजांनी मल्लांना आश्रय दिला, तालमींना मदत केली आणि उत्तरेकडचे नामवंत पहिलवान कोल्हापुरात आणून आपल्या पोरांशी लढवले. पुढच्या पन्नास-साठ वर्षांत कोल्हापूर-सांगली-बेळगाव पट्ट्यातून जे मल्ल निघाले, त्यांची मुळे या मातीत आहेत.

१९५९ साली दिल्लीत पंजाबच्या बंतासिंगला हरवून श्रीपती खंचनाळे हिंदकेसरी झाले. ते सीमाभागातल्या एकसंब्याचे. पुढच्याच वर्षी हा किताब गणपतराव आंदळकरांना मिळाला, आणि १९६४ साली कवठेपिरानच्या मारुती माने यांना. आंदळकर आणि माने यांनी १९६२च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेत तर कमाल केली. माने यांना फ्री-स्टाईलमध्ये सुवर्ण आणि ग्रीको-रोमनमध्ये रौप्य, आंदळकरांना ग्रीको-रोमनमध्ये सुवर्ण आणि फ्री-स्टाईलमध्ये रौप्य. मातीत वाढलेल्या दोन गड्यांनी गादीवर जाऊन चार पदके आणली. १९७० साली एडिंबरोच्या राष्ट्रकुल स्पर्धेत हरिश्चंद्र बिराजदारांनीही सुवर्णपदक मिळवले. मैदानाच्या मापाने पहिला क्रमांक यांतल्या कोणाला द्यायचा यावर कोल्हापूरकर आणि सांगलीकर अजून शंभर वर्षे भांडतील, आणि खुशाल भांडोत.

चौथे माप ऑलिम्पिकचे. इथे आपल्याला फार लांब जायला नको. आपण मुलांना घेऊन अँटवर्पला जातो तेव्हा मध्यवर्ती स्टेशनाला लागून असलेले प्राणिसंग्रहालय दाखवतो. १९२०च्या ऑलिम्पिकमधल्या कुस्त्या त्याच संग्रहालयाच्या सभागृहात झाल्या. त्या वर्षी भारताचा संघ प्रथमच ऑलिम्पिकला आला. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या स्पर्धांत अनवाणी धावणारे गडी पाहून दोराबजी टाटांनी पुढाकार घेतला होता. संघात अवघे सहा खेळाडू, त्यांत कुमार नवले आणि रणधीर शिंदे हे दोन मल्ल. नवले यांची वाटचाल लवकर थांबली. शिंदे मात्र हलक्या गटात उपांत्य फेरीपर्यंत पोहोचले आणि कांस्यपदकाची कुस्ती ब्रिटनच्या बर्नार्डकडून हरले. ऑलिम्पिकच्या कागदपत्रांत त्यांचे नाव 'शिंदेस' असे लागले आहे. ही एक कुस्ती जिंकली असती तर भारतीय कुस्तीचे पहिले पदक आपल्या घरापासून दीड-दोन तासांच्या अंतरावर मिळाले असते. आपल्यापैकी किती जणांना हे नाव माहीत होते?

बत्तीस वर्षांनी, १९५२ साली, हेलसिंकीत ते पदक आले. ते आणणारे खाशाबा जाधव कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे. १९४८ साली लंडनमध्ये ते सहावे आले होते. पुढच्या खेपेला खर्चाची तोंडमिळवणी होईना, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून ७००० रुपये उभे केले, आणि गावकऱ्यांनीही हातभार लावला. हेलसिंकीत खाशाबांनी कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या मल्लांना हरवले आणि कांस्यपदक घेतले. स्वतंत्र भारताचे हे पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. दुसऱ्यासाठी देशाला १९९६पर्यंत, म्हणजे लिअँडर पेसपर्यंत, ४४ वर्षे थांबावे लागले. त्याच हेलसिंकीत केशव माणगावे चौथे आले. त्यांचेही नाव आज फारसे कोणी घेत नाही.

गावाने खाशाबांची बैलगाड्यांतून मिरवणूक काढली. देशाने मात्र त्यांना विसरण्यात दिरंगाई केली नाही. १९५५ साली ते पोलीस खात्यात सब-इन्स्पेक्टर म्हणून लागले. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्ता-अपघातात त्यांचे निधन झाले. अर्जुन पुरस्कार २००० सालचा, म्हणजे मृत्यूनंतर सोळा वर्षांनी! दिल्लीच्या इंदिरा गांधी क्रीडासंकुलातल्या कुस्तीच्या सभागृहाला २०१०च्या राष्ट्रकुल स्पर्धेच्या वेळी त्यांचे नाव मिळाले, आणि त्यांचा जन्मदिवस १५ जानेवारी हा आता महाराष्ट्राचा क्रीडादिन आहे. सगळे झाले, पण ते पाहायला ते नव्हते.

याच्या शेजारी आपल्या या देशातले उदाहरण ठेवून पाहा. उट्रेख्तचे अँटोन खेसिंक १९६१ साली ज्यूदोचे जगज्जेते झाले आणि १९६४ साली खुद्द टोकियोत जपानी मल्लाला हरवून त्यांनी सुवर्णपदक घेतले. पुढे ते जपानमध्ये व्यावसायिक कुस्त्याही खेळले. त्यांच्या गावाने त्यांचा पुतळा आणि त्यांच्या नावाची रस्त्याची पाटी त्यांच्या हयातीतच लावली. डच माणूस कौतुकात कंजूष असतो असे आपण म्हणतो. पण जे करायचे ते वेळेवर करावे, हे त्याच्याकडून घेण्यासारखे आहे.

शेवटचे माप वस्तादकीचे, आणि ते भल्याभल्यांची यादी उलटीपालटी करते. १९७७ साली बेळगावच्या मैदानात हरिश्चंद्र बिराजदारांनी दिल्लीच्या सतपालला चीत केले. ती कुस्ती पाहिलेले लोक आजही तिच्याविषयी भरभरून बोलतात. मैदानाच्या मापाने त्या दिवशीचा निकाल स्वच्छ आहे. पण सतपाल पुढे दिल्लीच्या छत्रसाल स्टेडियमवर वस्ताद झाले, आणि त्यांचा पठ्ठा सुशीलकुमार याने २००८ साली कांस्य व २०१२ साली रौप्य अशी दोन ऑलिम्पिक पदके आणली. आपल्याकडेही आंदळकरांनी कोल्हापूरच्या मोतीबाग तालमीत आणि बिराजदारांनी पुण्यात गोकुळ वस्ताद तालमीत पोरे घडवली. तरी खाशाबांनंतर कुस्तीत ऑलिम्पिक पदक आणणारा मराठी मल्ल अजून झालेला नाही. २०२४ साली पॅरिसमध्ये कोल्हापूरच्याच स्वप्नील कुसाळे याने ७२ वर्षांनी महाराष्ट्राला वैयक्तिक पदक दिले, ते नेमबाजीत. आपली माती कमी पडली असे मी म्हणणार नाही. पण मैदान मारणे वेगळे आणि गादीवर गुण घेणे वेगळे. मैदानात एकाच कुस्तीवर गावभर नाव होते आणि इनामही मिळते, त्यामुळे गादीकडे वळायला आपली मंडळी उशिरा तयार झाली.

आणि हो, आतल्या खोलीत मुलीही असतात. त्यांच्यासाठी सांगतो. २०१६ साली साक्षी मलिकने ऑलिम्पिकचे कांस्य मिळवले, आणि २०२३ साली सांगलीत झालेल्या पहिल्या महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धेत सांगलीचीच प्रतीक्षा बागडी विजयी झाली. यापुढची कोणतीही यादी मुलींची नावे न घेता पुरी होणार नाही.

आता तुम्ही म्हणाल, इतके सांगितलेत, तर तुमची यादी सांगा. सांगतो. दंतकथेत गामा, टाळ्यांत दारासिंग, मैदानात मारुती माने. पण सगळी मापे एकत्र धरली तर माझा पहिला क्रमांक खाशाबांचा. उंचीने लहान आणि पैशाने पाठबळ नसलेला, पुन्हा उभा राहून जगाच्या आखाड्यात उतरलेला हा गडी. त्यांच्या मागे एका प्राचार्याचे गहाण पडलेले घर आणि एका गावाची वर्गणी होती. तेवढे ओझे कोणत्याही पत्त्यावर छापलेले नसते. दुसरा क्रमांक मी अँटवर्पच्या शिंद्यांना देतो. ते हरले हे खरे. पण वाट त्यांनी दाखवली, आणि ती आपल्या दाराजवळून जाते.

माझी यादी कोणाला पटेल, कोणाला नाही. कोल्हापूरकर तर रागावतीलच! म्हणून मंडळातल्या सर्वांना विनंती. पुढच्या अंकासाठी आपापल्या घरची पाच नावांची यादी पाठवा. अट एकच: ती मुलांनी आणि आई-बाबांनी, जमल्यास सुट्टीवर आलेल्या आजी-आजोबांनी, एकत्र बसून करावी, आणि प्रत्येकाने दुसऱ्याच्या यादीतले एक तरी नाव मान्य करावे. अंडरटेकरला आमची हरकत नाही. मात्र त्याच्या शेजारी एक नाव गोळेश्वरचे असू द्या.