बुडत्या थाळीचा इतिहास

पावसाळ्यांत नदीला गढूळ पाणी आलें म्हणजे आपल्या आज्या हंड्याच्या आंतल्या अंगास निवळीची बी घाशीत, अगर पाण्यांत तुरटीचा खडा फिरवीत. घटकाभरानें गाळ खालीं बसे, आणि हंड्याचा तळ दिसूं लागला कीं पाणी निवळलें असें ठरे. तळ दिसतो कीं नाहीं, ही पाण्याची फार जुनी परीक्षा होय. परंतु तळच मुळीं नजरेच्या टप्प्याबाहेर असला, तर? या प्रश्नाला मिळालेल्या एका साध्या उत्तराचा इतिहास मी आज सांगणार आहे.

१८६५ च्या वसंतांत पोपच्या आरमाराचे अधिकारी चिआल्दी हे समुद्राच्या पारदर्शकतेचा अभ्यास करीत होते. त्यांनीं रोमच्या वेधशाळेचे प्रमुख, जेसुइट धर्मोपदेशक अँजेलो सेक्की यांस साह्यास बोलाविलें. सूर्याचा व ताऱ्यांचा प्रकाश न्याहाळणारे हे ज्योतिषी चिव्हितावेक्क्या बंदराजवळ जहाजाच्या कठड्याशीं उभे राहून निरनिराळ्या आकारांच्या चकत्या दोरीनें समुद्रांत सोडूं लागले. चकती ज्या खोलीवर दिसेनाशी होई, तें पारदर्शकतेचें माप. सूर्याची उंची, आभाळ व जहाजाची सावली यांनीं त्यांत काय फरक पडतो, हेंही त्यांनीं पाहिलें. पाण्यांतील मातीचे कण प्रकाश विखुरतात, शेवाळ तो शोषून घेतें. म्हणून हीं दोन्ही वाढलीं कीं चकती लवकर लुप्त होते. पुढें १८९९ मध्यें अमेरिकेंतील जॉर्ज व्हिपल यांनीं तिचे चार भाग करून ते आळीपाळीनें काळे व पांढरे रंगविले. वीतभर व्यासाची तीच चकती आजही सरोवरांवर वापरतात.

या मापाची खरी किंमत मात्र काळानेंच दाखविली. कॅलिफोर्निया व नेवाडा यांच्या सीमेवर टाहो नांवाचें सरोवर आहे. १८७३ मध्यें प्राध्यापक जॉन लकाँट यांनीं तेथें जेवणाची पांढरी थाळी पाण्यांत सोडली. ती सुमारें ३३ मीटरपर्यंत दिसली. १९६८ पासून तेथें नियमित मापें होऊं लागलीं. त्या वर्षाची सरासरी सुमारें ३१ मीटर होती. १९९७ मध्यें ती २० मीटरच्याही किंचित् खालीं आली. रस्ते व घरें वाढलीं, त्यांची बारीक धूळ पाण्यांत उतरली, शेवाळास पोषण मिळालें. काठावरून पाहणाऱ्यास सरोवर निळेंच दिसत होतें. ऱ्हास दिसला तो नोंदवहींत.

चकती व दोरी यांस कांहीं खर्च नाहीं, म्हणून हें शास्त्र मुलांच्याही हातीं आलें. १९९५ मध्यें सुरू झालेल्या ‘ग्लोब’ या उपक्रमांत अनेक देशांतील शाळकरी मुलें ही चकती पाण्यांत सोडतात. ती कोठें लुप्त झाली व वर ओढतांना कोठें पुन्हां दिसली, हें दोरीवरील खुणांवरून लिहितात. एकाच ठिकाणीं तिघे निरनिराळे पाहतात. मापें जुळलीं नाहींत तर तीं जुळवून घ्यावयाचीं नसतात, पुन्हां पाहावयाचें असतें. शास्त्राचा पहिला धडा तो हाच.

दुसरा धडा अधिक कठोर आहे. सेक्कींच्या प्रयोगापूर्वीं अकरा वर्षें, १८५४ सालीं, लंडनच्या ब्रॉड स्ट्रीटवरील पंपाच्या पाण्यानें पटकी पसरली. दूर हॅम्पस्टेड येथें राहणारी एक विधवा त्या पाण्याच्या चवीसाठीं तें मुद्दाम मागवीत असे, तीही दगावली. डॉक्टर जॉन स्नो यांनीं तें पाणी तपासलें, तेव्हां त्यांत इतका थोडा मळ आढळला कीं दोष देतांना त्यांचेंही मन कचरलें. त्यांस खात्री पटविली ती मृतांच्या घरांच्या नोंदींनीं, आणि ८ सप्टेंबर रोजीं पंपाचा दांडा काढण्यांत आला. नितळ पाणी निर्दोष असतेंच असें नाहीं. म्हणूनच मुलें चकतीबरोबर पाण्याचें तापमान, आम्लता व विरघळलेला प्राणवायूही मोजतात. आणि एवढ्यानेंही तें पिण्यायोग्य ठरत नाहीं, हें त्यांस सांगावें लागतें.

तेव्हां आपल्या मुलानें गांवच्या तलावांत चकती सोडून वहींत एक आंकडा लिहिला, तर त्यास हंसूं नये. त्याखालीं तारीख मात्र अवश्य घालावयास लावावी. लकाँट यांनीं त्या दिवशीं आपली थाळी नुसती पाहून परत ओढली असती, तर टाहोनें काय गमावलें हें सांगणारा इतका जुना साक्षीदार उरला नसता.