किंग्ज काउंटीतील बांधबंदिस्ती : भूमी, श्रम आणि मालकी

कॅनडाच्या नोव्हा स्कॉशिया प्रांतातील किंग्ज काउंटी १७५९ साली अस्तित्वात आली. तथापि, जिच्यामुळे या काउंटीस कृषिसमृद्धी लाभली ती भूमी त्यापूर्वी सुमारे पाऊणशे वर्षे समुद्राकडून मिळविली जात होती. ती कोणी मिळविली आणि पुढे कोणाच्या श्रमांवर टिकली, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

उत्तर व दक्षिण अशा दोन डोंगररांगांमधील हे खोरे पूर्वेस मिनास उपसागराला मिळते. त्या उपसागराच्या काही भागांत भरती-ओहोटीच्या पातळीतील फरक सुमारे १६ मीटरपर्यंत जातो. १६८० च्या दशकात ग्रां प्रे येथे आलेल्या फ्रेंचभाषक अकेडियन कुटुंबांनी खाऱ्या दलदलीतील गवताच्या मुळांनी बांधलेली ढेकळे रचून बांध घातले व त्यांत झडपेच्या लाकडी नाल्या बसविल्या. ओहोटीस आतील गोडे पाणी झडप लोटून बाहेर पडे. भरतीस तीच झडप मिटे. कोकणातील खारभूमीची उघाडी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे तत्त्व परके वाटणार नाही. पावसाने क्षार धुऊन जाण्यास दोन-तीन वर्षे लागत. या पद्धतीत जंगलतोड फारशी करावी लागली नाही. मूळ रहिवासी मिकमॅक लोकांशी अकेडियनांचे संबंध तुलनेने सलोख्याचे राहिले, त्याचे हे एक कारण असावे.

१७१३ च्या उट्रेख्ट तहान्वये हा प्रदेश ब्रिटनकडे गेला. बिनशर्त निष्ठेची शपथ नाकारणाऱ्या अकेडियनांपैकी ४१८ पुरुष व मुलांना ५ सप्टेंबर १७५५ रोजी ग्रां प्रेच्या चर्चमध्ये जॉन विन्स्लो याने हद्दपारीचा हुकूम ऐकविला. मिनास परिसरातून सुमारे २,२०० जणांना जहाजांवर चढविण्यात आले.

यानंतरचा भाग सहसा दुर्लक्षित राहतो. नोव्हेंबर १७५९ च्या वादळात बांध फुटले. १७६० मध्ये न्यू इंग्लंडमधून आलेल्या 'प्लँटर' वसाहतकारांना जमीन मिळाली, परंतु बांधांची विद्या त्यांच्यापाशी नव्हती. परिणामी कैदेत असलेल्या अकेडियनांनाच मजुरीवर आणून, पूर्वी त्यांच्याच असलेल्या शेतांचे बांध दुरुस्त करून घेण्यात आले. त्यांच्याविना हे काम होणे नाही, अशी कबुली खुद्द प्रांतिक प्रशासनाने दिली होती. तरीही १७६२ मध्ये त्यांच्यापैकी अनेकांना बॉस्टनला धाडण्यात आले. मॅसॅच्युसेट्सने त्यांना स्वीकारले नाही व जहाजे परत आली. १७६४ मध्ये शपथ घेऊन लहान गटांत राहण्याची मुभा त्यांना मिळाली. तोपर्यंत जुन्या जमिनी प्लँटरांच्या नावे झाल्या होत्या.

लाँगफेलोच्या १८४७ मधील 'इव्हँजेलिन' या काव्याने हद्दपारी जगभर पोहोचविली खरी. पण त्यातील भावरम्य ग्रामचित्रात मजुरीचा हा इतिहास दिसत नाही. युनेस्कोने २०१२ मध्ये ग्रां प्रेच्या भूदृश्यास जागतिक वारशाचा दर्जा देताना मात्र बांध व शेती यांनाच केंद्रस्थानी ठेवले. तेथील शेतकरी आजही सामूहिक मंडळामार्फत या खाजणभूमीची व्यवस्था पाहतात.