कोब्राचं कूळ

‘शेल्बी कोब्रा, 1966, विकणे आहे’ अशी जाहिरात दिसली की अमेरिकेतला जाणता गिऱ्हाईक फोटोवर भाळत नाही, आधी चासी नंबर विचारतो. 1960च्या दशकात अस्सल कोब्रा जेमतेम हजारभर बनल्या. नकला मात्र हजारोंनी आहेत. आणि या गाडीचं कूळ असं की ‘अस्सल’ कशाला म्हणायचं, इथेच पंचाईत.

ही सोयरीक दोन देशांतली, आणि मध्यस्थ भलताच बोलका. कॅरोल शेल्बी टेक्ससचा. कुक्कुटपालनात हात पोळलेला, पण शर्यतीत नाव काढलेला. 1959 साली रॉय साल्वादोरीच्या जोडीनं अ‍ॅस्टन मार्टिन हाकून त्यानं ल मांची 24 तासांची शर्यत जिंकली. पुढच्याच वर्षी हृदयाच्या दुखण्यानं त्याला थांबवलं. शेवटच्या शर्यती तो जिभेखाली नायट्रोग्लिसरीनची गोळी ठेवून धावला होता. आता त्याला स्वतःच्या नावाची गाडी हवी होती. जवळ ना कारखाना, ना पैसा.

तिकडे इंग्लंडात, सरे परगण्यातल्या टेम्स डिटन गावी, एसी कार्स ही छोटी कंपनी ‘एस’ नावाची देखणी, उघड्या टपाची गाडी बनवत होती. नळ्यांची चासी, त्यावर हातानं ठोकून घडवलेली अ‍ॅल्युमिनियमची बॉडी. तिला ब्रिस्टल कंपनीचं दोन लिटरचं इंजिन असे, पण ते बंद होणार असं 1961मध्ये ठरलं. शेल्बीनं सप्टेंबरात एसीला पत्र धाडलं: तुमच्या गाडीत अमेरिकन व्ही-8 बसवू या. इंजिन त्याच्या हाती तेव्हा नव्हतंच! पुढे फोर्डकडे गेला तेव्हा गाडी आपल्या खिशात असल्याच्या थाटात बोलला. फोर्डला शेवरलेच्या कॉर्व्हेटला तोंड देणारी गाडी हवीच होती, त्यामुळे गोष्ट जमली.

फेब्रुवारी 1962मध्ये बिनइंजिनाची पहिली गाडी विमानानं लॉस एंजेलिसला उतरली. चासी नंबर सीएसएक्स 2000. डीन मून याच्या वर्कशॉपात काही तासांतच फोर्डचं 4.3 लिटरचं इंजिन तिच्यात बसलं. ‘कोब्रा’ हे नाव स्वप्नात दिसलं, असं शेल्बी सांगे. मग मासिकांचे लोक चालवून बघायला येऊ लागले, तेव्हा या एकुलत्या एका गाडीला दर खेपेला नवा रंग लावला जाई. वाचणाऱ्याला वाटावं, कारखान्यातून गाड्यांची रांग लागली आहे. याला लबाडी म्हणा की धंद्याची अक्कल. या रंगाच्या डब्यांशिवाय कोब्रा जन्मली असती, असं मला वाटत नाही.

इंजिन लवकरच 4.7 लिटरचं झालं. पीटर ब्रॉकनं रेखलेल्या बंद टपाच्या डेटोना कूपेनं 1965मध्ये जीटी गटाचं जागतिक अजिंक्यपद फेरारीकडून हिसकावलं. त्याच वर्षी सात लिटरची, म्हणजे 427 घनइंचांच्या इंजिनाची, फुगीर मडगार्डांची ‘427’ आली. टनभराच्या गाडीत एवढं धूड मावावं म्हणून चासीच्या नळ्या तीनऐवजी चार इंची केल्या, जुने पाटे काढून कॉइल स्प्रिंग घातल्या. शर्यतीला मान्यता मिळवायला 100 गाड्या दाखवायच्या होत्या. तपासनीस आले तेव्हा तयार होत्या पन्नासेक. मान्यता हुकली. पडून राहिलेल्या शर्यतीच्या गाड्यांना विंडशील्ड आणि सायलेन्सर लावून ‘एस/सी’ या नावानं रस्त्यावर चालवायला विकलं. ज्यांना गिऱ्हाईक मिळेना, त्याच आज सर्वांत महागड्या कोब्रांमध्ये मोजल्या जातात.

शेल्बीनं मरेपर्यंत, म्हणजे 2012पर्यंत, स्वतःजवळ ठेवलेली ती पहिली गाडी 2016च्या लिलावात 1 कोटी 37 लाख 50 हजार डॉलरना गेली. तिच्याबद्दल शंकेला जागा नव्हती. रस्त्यावरच्या 427चं तसं नाही. त्यांतल्या कित्येकींत शेल्बीच्या कारखान्यानंच फोर्डचं स्वस्त 428 इंजिन बसवलं होतं; आकडा एकानं मोठा, पण घराणं शर्यतीचं नव्हे. पुढे अनेक मालकांनी ते काढून खरं 427 घातलं. त्यामुळे नंबर जुळला तरी जाणकार बॉनेट उघडायला लावतोच, आणि आत 427 दिसलं की हे मूळचं का, असं विचारतो.