वाऱ्याच्या बातमीची वर्गणी

प्रत्येक देशाने आपल्या हद्दीत विमानांसाठी हवामानसेवा पुरवावी, असे 1944 च्या शिकागो कराराचे 28 वे कलम सांगते. जमिनीवर हे सोपे होते. अडचण उत्तर अटलांटिकवर आली. भर समुद्र कोणाच्याच हद्दीत येत नव्हता, आणि आइसलँड-ग्रीनलंडसारख्या विरळ वस्तीच्या प्रदेशांवरून जाणारी बहुतेक विमाने परक्यांची होती. म्हणून सामायिक खर्चाची सोय त्याच कराराच्या पंधराव्या प्रकरणात करून ठेवली होती.

तिचा पहिला मोठा उपयोग 1946 साली लंडनच्या परिषदेत झाला. अटलांटिकमध्ये 13 ठिकाणी हवामान-जहाजे उभी करायचे ठरले. हे काम महागडे होते. एक जहाज ठाण्यावर असताना दुसरे वाटेत किंवा बंदरात असे, त्यामुळे एका ठाण्याला एकाहून अधिक जहाजे लागत. जहाजावरून फुगे सोडून वरच्या थरांतला वारा, तापमान आणि दाब मोजत. ज्या देशाची विमाने समुद्र जास्त वेळा ओलांडत, त्याच्यावर जास्त भार, हे वाटणीचे सूत्र होते. जहाजे न देणाऱ्यांसाठी पुढे रोख वर्गणीचा मार्ग काढला गेला.

या खर्चाचे मोल लवकरच दिसले. ऑक्टोबर 1947 मध्ये ‘बर्म्युडा स्काय क्वीन’ हे पाण्यावर उतरणारे विमान आयर्लंडमधील फॉइन्सहून अटलांटिकपलीकडच्या गँडरकडे निघाले होते. समोरचा वारा अंदाजापेक्षा जोरदार निघाला आणि इंधन पुरेना. वैमानिकाने ठाण्यावरच्या ‘बिब’ या अमेरिकी जहाजाजवळ विमान खवळलेल्या समुद्रात उतरवले. विमानातले सर्व 69 जण वाचले.

तरीही सरकारांनी खर्चाला कात्री लावलीच. ठाणी 1949 मध्ये 10 आणि 1954 मध्ये 9 झाली. पुढे उंचावरून उडणारी जेट विमाने आणि उपग्रह आले, तसा विमानांचा या जहाजांवरचा आधार घटला. 1970 च्या दशकाच्या मध्यात ही व्यवस्था जागतिक हवामान संघटनेकडे गेली.

आइसलँड आणि ग्रीनलंडच्या सेवांसाठी जिनिव्हात 1956 साली स्वतंत्र करार झाले. त्यांत हवामानाबरोबर वाहतूक-नियंत्रण आणि संदेशवहनही आले. सुरुवातीला भार सरकारांवर होता. 1974 पासून विमान कंपन्यांकडून शुल्क घेणे सुरू झाले, आणि हे जास्त न्याय्य होते: सेवा जो वापरतो, त्यानेच पैसे मोजावेत. ही वसुली ब्रिटनमार्फत होत आली. 1982 च्या सुधारणेनंतर डेन्मार्क (ग्रीनलंड त्याच्याच अखत्यारीत येते) आणि आइसलँड यांना स्वतःला होणाऱ्या लाभापोटी त्यांच्याकडे 5 टक्के खर्च ठेवला, बाकीचा 95 टक्के सामायिक.

वाटणीतली खरी गुंतागुंत मात्र वेगळीच आहे. उपग्रह आणि निरीक्षणकेंद्रे शेतकरी, मच्छीमार, सर्वांनाच उपयोगी पडतात, म्हणून त्यांचा पूर्ण खर्च विमानसेवेवर टाकता येत नाही. धावपट्टीवरची निरीक्षणे आणि विमानतळाचा अंदाज केवळ विमानांसाठी असतात, त्यांचा खर्च विमानसेवेनेच उचलायचा असतो.